लिंबाखालची सवाष्ण

“दवाखान्यापुढच्या लिंबाखाली जाऊन बघ,” आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. “लांबून आलेली असावी. कपाळाला कुंकू बघ, गळ्यात मणी बघ, आणि हातापाया पडून घेऊन ये. आणि हे बघ, घर कोणतं ते आधी सांगत बसू नकोस.”

मी चुलीपुढं बसून पुरणपोळ्या लाटत होते. हात पिठाचे, डोळ्यांत धूर. अकरा वाजत आले होते. पुढच्या खोलीत दोन्ही महालक्ष्म्या नवी लुगडी नेसून उभ्या होत्या, समोर सोळा भाज्यांचं ताट मांडायचं होतं, आंबील निवत ठेवली होती, आणि ज्यांनी जेवायला बसायचं त्या दोन्ही सवाष्णींचे निरोप अर्ध्या तासाच्या अंतरानं येऊन गेले होते. कासारबाईंच्या अंगात एकाएकी कसकस भरली होती. मास्तरीणबाईंना माहेरी जावं लागलं होतं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः कुंकू लावून दोघींना आमंत्रण देऊन आले होते, तेव्हा दोघी हसून हो म्हणाल्या होत्या.

“लिंबाखालचीच का?” मी विचारलं. “गल्लीत एवढ्या बायका आहेत.”

“गल्लीतली एक तरी येईल असं वाटतं तुला?” आत्याबाई म्हणाल्या आणि भज्यांच्या पिठात हात घालून बसल्या.

माझ्या लग्नात सांगितलं होतं की मुलाचे वडील दवाखान्यात सरकारी नोकरीला आहेत. खोटं नव्हतं ते. दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती, तिथं मामांची नोकरी. आलेली मढी राखायची, डॉक्टर आले की त्यांच्या हाताखाली चिरफाड करायची, मग शिवून, धुऊन, चादरीत बांधून माणसांच्या ताब्यात द्यायची. बावीस वर्षं माझे सासरे हेच करत होते. रस्त्यात भेटले की सगळं गाव त्यांना रामराम करायचं, कारण कुणाला कधी गरज पडेल सांगता येत नाही. पण आमच्या घरचं पाणी कुणी तोंडाला लावत नसे. मला हे लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं आणि मी दोन दिवस रुसून जेवले नाही. आत्याबाईंनी समजूत घातली नाही की रागही केला नाही, ताट तेवढं झाकून ठेवलं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचे हे वीजमंडळात लाइनमन, सणासुदीलाच त्यांची बाहेर ड्युटी लागायची. त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आणि एक तरी सवाष्ण जेवल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती मिळालीच नाही तर महालक्ष्म्या उपाशी गेल्या असा अर्थ व्हायचा. सून म्हणून माझं ते पहिलं वर्ष. देवी उपाशी गेली तर बोट माझ्या पायगुणाकडं जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले.

सणामुळं दवाखाना ओस पडला होता. लिंबाच्या पारावर दोघंतिघं म्हातारे होते आणि एका कडेला ती बसली होती. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी असेल. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पायात जोडवी, हातात एक कापडी पिशवी घट्ट धरलेली. उन्हात बसली होती, पलीकडं सावली असून.

मी जवळ जाऊन बसले. “कुठून आलात बाई?”

“गंगेपल्याडून. पहाटंच्या येस्टीनं.” तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं.

“कोण आहे दवाखान्यात?”

“तेच तर कळंना माय.” आता तिनं तोंड वळवलं. “आमचं माणूस बोअरच्या गाडीवर कामाला हाय. काल सांजच्याला सांगावा आला, गाडी उलटली, समद्यांला हितं आणलं म्हणून. म्या आल्या आल्या त्या नर्सबाईला इचारलं. ती म्हनली, आत दोघंच हायत आन दोघंबी मद्रासकडचे, त्यांचं बोलणं आमाला कळत न्हाई. तुजा नवरा त्यात न्हाई.”

“नाव सांगितलंत का त्यांचं?”

ती लाजली. तेवढ्यातही लाजली. “नाव कसं घेऊ? सोपानचा बाप म्हनून सांगितलं. सोपान माजा लेक. ती म्हनली, असं न्हाई कळत, मोठे डॉक्टर तीनला येतील, तवर बस.”

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. सकाळी मामा चहाही न घेता बाहेर पडले होते, आणि जाताना “एक आलंय” एवढंच म्हणाले होते. आमच्या घरात त्या शब्दांवर कुणी पुढं काही विचारत नसे. गाडी उलटली, दोघं आत आहेत, हिचा नवरा त्यात नाही, हे सगळं मी कानांनी ऐकलं. पण माझं सगळं चित्त तिच्या कुंकवावर होतं. मला सवाष्ण सापडली होती.

“माझं घर इथं मागंच आहे,” मी म्हणाले. “आज आमच्याकडं महालक्ष्म्या जेवायच्या आहेत. तुम्ही सवाष्ण म्हणून चला.”

तिनं मला खुळ्यात काढलं. “बाई, माजं माणूस जित्तं हाय का कसं ते ठावं न्हाई, आन म्या पुरणपोळी खायला येऊ?”

“म्हणूनच या. देवीच्या पाटावर बसलेल्या बाईचं कुंकू देवी राखते.” हे मी म्हणाले. माझ्या तोंडाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती तरी हलेना, तेव्हा मी पुढचं बोलले, “आणि माझे सासरे दवाखान्यातच आहेत. बारापर्यंत जेवायला घरी येतील. त्यांना इथलं सगळं ठाऊक असतं. डॉक्टरांच्या आधी त्यांनाच कळतं.”

ती उठली. देवीसाठी नाही उठली, मामांसाठी उठली. चालता चालता तिनं नाव सांगितलं, मथुरा. आणि सोपानला जावेपाशी ठेवून आले, तो चार वर्षांचा आहे, बापाशिवाय झोपत नाही, असं बरंच काही सांगत राहिली. आता मामा भेटणार म्हटल्यावर तिची जीभ सुटली होती.

आत्याबाईंनी तिचे पाय धुतले, पुसले, त्यावर कुंकवाची बोटं ओढली. हातात आधीच्या चार बांगड्या होत्या, त्यांत हिरव्या चुड्याच्या आणखी चार चढवल्या. मथुरा संकोचून जात होती. “तुमचे मालक काय करतेत दवाखान्यात?” तिनं विचारलं.

“शिपाई आहेत,” आत्याबाई म्हणाल्या.

पान वाढलं. पहिले चार घास तिनं कसेबसे गिळले. मग भूक जागी झाली. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं, ते आम्हाला तिच्या खाण्यावरूनच कळलं. आत्याबाई समोर बसून वाढत होत्या आणि तिनं नको म्हणायच्या आत तूप सोडत होत्या. कटाची आमटी तिनं तीनदा मागून घेतली. “माज्या आईची अशीच व्हायची,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत मी किती बायकांना जेवू घातलं, पण इतकं मनापासून जेवलेली दुसरी कोणी आठवत नाही. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. खरंच सांगते, स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मामा मागच्या दारानं आले. ते कधीच पुढून येत नसत. मागं न्हाणीत दोन बादल्या पाणी अंगावर घेतल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचे नाहीत. आम्हाला पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

मथुरेनं हात धुतले, आत्याबाईंनी तिला विडा दिला आणि रीत म्हणून सांगितलं, “आता नाव घे.”

“न्हाई बा, आज नको.”

“देवीपुढं नको म्हणू नये. घे. बघू तरी कोण नशीबवान आहे तो.”

मथुरा पदराशी चाळा करत थोडा वेळ उभी राहिली. मग खाली मान घालून एका दमात म्हणाली,

“गंगेच्या काठावर जोंधळ्याची रास,
धोंडिरामाचं नाव घेते, घेऊन महालक्ष्मीचा घास.”

आत्याबाई हसल्या, मीही हसले. मामा धोतराचा सोगा खोवत मागच्या दारात येऊन उभे होते. ते हसले नाहीत.

“काय नाव म्हणालीस पोरी?”

मथुरेनं तोंडावर पदर घेतला. “एकदा घेतलं की मामा. आता दुसऱ्यांदा न्हाई घेत.”

तेही तिनं हसतच सांगितलं. मामा थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि मग आल्या पावली मागं वळले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातला कुंकवाचा करंडा काढून घेतला आणि त्याही मागं गेल्या. ओटीचा नारळ माजघरात होता. तो आणायला गेले तेव्हा मला दोघांचं बोलणं ऐकू आलं.

“माझ्याकडं जो आहे त्याच्या हातावर हेच नाव गोंदलंय,” मामा हळू आवाजात म्हणत होते. “खाली मारुती आहे.”

“एका नावाची दहा माणसं असतात.”

“बोअरच्या गाडीखाली सापडलेला आहे तो. काल रात्री आणला. नाव-गाव सांगायला कुणी नव्हतं.”

करंडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, “मी सांगतो तिला. माझं रोजचं काम आहे ते.”

“थांबा. ओटी भरायची राहिली आहे.”

“अगं, काय बोलतेस तू?”

“ओटी भरल्याशिवाय ती ह्या घरातून उठणार नाही. तोवर कुणी एक अक्षर काढायचं नाही.”

मी नारळ हातात घेऊन तिथंच उभी राहिले. भीती होती, आणि तिच्यापेक्षा जास्त संताप होता. मला वाटलं, काय बाई आहे ही. नवरा मेलेल्या बाईला पाटावर बसवलं हे कळलं तर सगळा कुळाचार फुकट जाईल, म्हणून झाकून न्यायचं. ओटी भरून घ्यायची, आपल्या पदरात पुण्य पाडून घ्यायचं, आणि मग बाईला बाहेर काढायचं. मी त्या घरात दहा महिने होते. मला वाटलं मी आत्याबाईंना आज ओळखलं.

मामांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली आणि फणी घेतली आणि जेवण न करता पुन्हा मागच्या दारानं निघून गेले. ते का घेतलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आत्याबाई पुढच्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पूर्वीसारखाच होता. त्यांनी मथुरेला पाटावर बसवलं. हळद लावली, मग कुंकू. नुसतं टेकवलं नाही, बोट फिरवून फिरवून गोल भरलं, आणि केसांत गजरा माळला. मग आरसा तिच्या हातात दिला. मथुरेनं आरशात बघितलं आणि गजरा नीट केला.

“मामा कुठं गेले?” तिनं विचारलं. “तेवढं इचारायचं व्हतं ना.”

“तुझ्याच कामाला गेलेत,” आत्याबाई म्हणाल्या आणि तिच्या पदरात खण, नारळ, मूठभर गहू घातले.

“मावशी, रागावणार नसाल तर एक मागू?” मथुरा चाचरत म्हणाली. “दोन पोळ्या बांधून द्याल का? त्यांला लई आवडतात. कुठल्या वार्डात असतील तिथं नेऊन देईन.”

मी तोंड फिरवलं. आत्याबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन चार पोळ्या फडक्यात बांधल्या. तूप लावून, एकावर एक. त्या परत आल्या तेव्हा मथुरा वाकून त्यांच्या पाया पडली.

सवाष्ण पाया पडली की काय म्हणायचं असतं ते शाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं. अखंड सौभाग्यवती भव. त्याला विचार करावा लागत नाही, तोंडातून आपसूक येतं. आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि त्यातून आवाज निघेना. मथुरा वाकलेलीच राहिली. आम्ही तिघी आणि त्या दोन महालक्ष्म्या. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, “तुझं लेकरू मोठं होऊ दे.”

मथुरा सरळ उभी राहिली. तिनं आत्याबाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पोळ्यांचं गाठोडं घेतलं.

“मी येते तुझ्याबरोबर,” आत्याबाई म्हणाल्या.

“देवीपुढं दिवा आहे,” मी म्हणाले. तो एकटा ठेवायचा नाही हे त्यांनीच मला आदल्या दिवशी दहा वेळा बजावलं होतं.

“देवी कुठं जात नाही. तूही चल. कडी लाव.”

आम्ही तिघी भर उन्हात निघालो. आत्याबाईंनी मथुरेचा हात धरला होता. दवाखान्याच्या फाटकातून आत गेलो की लिंब उजवीकडं येतो आणि वॉर्ड समोर. मथुरा दोन्हीकडं वळली नाही. जागीच थांबली.

“मामा जिथं बसतेत तिकडंच जाऊ,” ती म्हणाली.

बावीस वर्षांत आत्याबाईंनी त्या पत्र्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं. मी मात्र उंबऱ्यावरच थांबले. फिनेलचा वास येत होता. मामांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती, नुसता चेहरा मोकळा ठेवला होता. चेहरा पुसलेला होता. केसांना तेल लावून भांग पाडला होता. एका कानाच्या मागं जे काही झालं होतं ते त्यांनी कापूस ठेवून झाकलं होतं.

मथुरा जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

“भांग उलट्या अंगाला पाडलाय,” ती म्हणाली. “ते डावीकडं पाडतेत.”

मामांनी फणी पुढं केली. तिनं ती घेतली नाही, आपल्या बोटांनीच केस मोडले आणि दुसऱ्या अंगाला बसवले. ते बसेनात, तेलानं चिकटले होते. ती पुन्हा पुन्हा बसवत राहिली आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या तोंडून तो आवाज आला. मी आयुष्यात बरंच रडणं ऐकलं आहे, आमच्या घराला त्याची सवय होती. पण त्या आवाजानं मी पत्र्याला टेकून खाली बसले.

थोड्या वेळानं पोलीस कागद घेऊन आला. मयताचं नाव काय, असं त्यानं विचारलं. मथुरेनं या वेळी लाजून तोंड झाकलं नाही. धोंडिराम, म्हणाली, मग बापाचं नाव सांगितलं, मग आडनाव, मग गाव. पोलिसानं लिहून घेतलं आणि तिनं अंगठा उठवला.

मग ती आत्याबाईंकडं वळली. “तुमी मला सौभाग्यवती म्हनला न्हाईत, तवाच मला कळलं.”

आत्याबाईंनी तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

“आता हे पुसा. तुमीच लावलंय. हितं माजं दुसरं कोन हाय?” असं म्हणून तिनं कपाळ पुढं केलं, आणि दोन्ही हातही, बांगड्यांसकट.

रीत तीच होती. कुणीतरी बाईमाणसानं करायचं असतं ते. पोलीससुद्धा बाजूला सरकून उभा राहिला. आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि खाली केले.

“आज माझ्या घरात महालक्ष्म्या आहेत,” त्या म्हणाल्या. “आज मी कुणाचं कुंकू पुसणार नाही. बांगडीला हात लावणार नाही. अशीच त्याच्या शेजारी बसून घरी जा. गावात गेल्यावर तुझ्या माणसांना काय करायचं ते करू दे.”

तीनला डॉक्टर येऊन आपलं काम उरकून गेले, आणि पोलिसांचा निरोप मिळून चारच्या सुमाराला तिचा दीर टेम्पो घेऊन आला. मामांनी आणि त्यानं मिळून उचलून ठेवलं. मथुरा मागं फळीवर बसली, कपाळभर कुंकू, केसांत आमचा गजरा, मांडीवर पोळ्यांचं गाठोडं. दीर तिच्याकडं बघून चरकला आणि पुढं जाऊन बसला. टेम्पो फाटकाबाहेर गेला आणि आम्ही घरी आलो.

दिवा तेवत होता. आम्ही तिघंही जेवलो नाही. तिन्हीसांजेला आत्याबाई उष्टं आवरायला बसल्या तेव्हा मला राहवेना.

“तुम्ही ओटीसाठी तिला थांबवून ठेवलंत,” मी म्हणाले. “तुमच्या देवीसाठी.”

त्यांनी वर बघितलं नाही. “तिच्या पोटात कालपासून काही नव्हतं. जेवली म्हणून उभी तरी राहिली. आणि अजून तासभर सवाष्ण होती, तर राहू दिलं. घाई कसली होती? मेलेल्या माणसाला घाई नसते, ह्या घरात एवढं तरी कळतं.” मग ताट उचलत म्हणाल्या, “गल्लीतल्या हो म्हणतात आणि येत नाहीत, म्हणून दर वर्षी मी त्या लिंबाखालनंच आणते. आणताना दर वेळी भीती वाटायची. आज झालं.”

मला माझीच लाज वाटली. देवी कुंकू राखते, असं सांगून मी त्या बाईला ओढत आणलं होतं, आणि रागावले होते आत्याबाईंवर. मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि घासायला बसले.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती लोकांना सांगितली असती. चाळीस वर्षांत सांगितली नाही, ती पुढच्या वर्षीमुळं.

त्या थंडीत आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणाला खिळल्या, बोलणं जड झालं, पण कान आणि मन शाबूत होतं. जूनमध्ये मामा निवृत्त झाले. आणि काय सांगू, गल्लीनं आम्हाला जवळ केलं. मामांचा हात त्या कामातून सुटला म्हणजे जणू सगळंच धुऊन निघालं. मला सातवा महिना होता. भादव्यात मी आमंत्रण द्यायला गेले, तेव्हा कासारबाई म्हणाल्या, येऊ की, त्यात काय. मास्तरीणबाईंनी तर भाज्या चिरायला मदत केली. मला इतका आनंद झाला होता की रात्री झोप लागली नाही. आपल्या घरात गल्लीतल्या बायका जेवणार, आपलं बाळ ह्या गल्लीतल्या पोरांत खेळणार, एवढंच माझ्या मनात होतं.

दुपारी दोघी पाटावर बसल्या. मी वाढत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर मथुरा उभी.

वाळली होती. कपाळ पांढरं फटक, हात मोकळे. काखेत मुगाच्या शेंगांचं गाठोडं होतं. मला बघून तिचं तोंड फुललं, आणि माझ्या पोटाकडं बघून आणखी फुललं.

“देवीच्या पाया पडावं म्हनलं,” ती म्हणाली. “आन मावशीच्या. त्यांची लई सय येती बघा.”

कासारबाईंचा हात पानावर थांबला. “कोण गं ती?” त्यांनी हळूच विचारलं. मास्तरीणबाई तिच्या कपाळाकडं बघत होत्या.

मी दारापाशी गेले. आत बोलवायला नाही गेले. चौकटीत उभी राहिले, एक हात दाराला आणि एक पोटाला.

“आज नको मथुराबाई,” मी म्हणाले. “आज सवाष्णी जेवायला बसल्यात. उद्या या.”

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तीच ओशाळली होती.

“व्हय की,” ती म्हणाली. “माज्या ध्यानातच आलं न्हाई. चुकलंच माजं.”

शेंगांचं गाठोडं तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं, आत नाही. “पोटाला जपा,” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतर कधीच आली नाही.

आतल्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज आला. जड जिभेनं त्या विचारत होत्या, “कोण आलंय गं? ओळखीचा आवाज वाटला.”

त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला आत बोलावलं असतं. देवीपुढं बसवलं असतं, कासारबाई उठून गेल्या असत्या तरी. हे मला तिथं उभ्या उभ्या ठाऊक होतं.

“कोणी नाही आत्याबाई,” मी म्हणाले. “घर चुकलेली होती कोणीतरी.”

आणि तुपाची वाटी घेऊन मी कासारबाईंच्या पानाशी वाढायला बसले.